भट्टी स्थिर, मग आकडा का नाचतो?

श्रोतेहो, नमस्कार. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छेच्या वर्कशॉपमध्ये पॅनेल बांधणारी, वायरिंग करणारी मंडळी आणि आयटीआय-डिप्लोमाची मुलं, तुमच्या रोजच्या कामातल्या एका अडचणीवर आज बोलायचं आहे.

हीट ट्रीटमेंटची भट्टी ९०० अंशांवर स्थिर आहे, पण डिस्प्लेवरचा आकडा ८९० आणि ९१० च्या मधे नाचतो. अशा वेळी पहिला हात प्रोग्रामला जातो. शंभर रीडिंग घ्यायची, सरासरी काढायची, की झालं. आकडा शांत होतो, पण तो बरोबर असेलच असं नाही. सरासरी हा शेवटचा उपाय आहे. आधीची कामं सोडून ती लावली, तर दोष तसाच राहतो आणि वर झाकला जातो.

आधी सिग्नल किती बारीक आहे ते बघा. के टाइप थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या तारांचा तापमानाचा सेन्सर, एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतं. ९०० अंशांना मिळतात फक्त ३७ मिलिव्होल्ट. आर्डुइनो ऊनो या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डाचा, व्होल्टचा आकडा करणारा कन्व्हर्टर १० बिटांचा, म्हणजे ५ व्होल्टचे १०२४ भाग, आणि एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची. थर्मोकपल थेट जोडलं तर एका पायरीत १२० अंश निघून जातात! म्हणून मधे अँप्लिफायर लागतो, आणि तो सिग्नलबरोबर वायरीत शिरलेला नॉइज, म्हणजे नको असलेली विजेची खळबळ, तीही तेवढीच वाढवतो.

मग नॉइज येतो कुठून? ते शोधायला नवा दीड व्होल्टचा सेल पुरतो. सेन्सर आणि अँप्लिफायर काढा, आखूड वायरीनं सेल कन्व्हर्टरच्या इनपुटला लावा आणि शंभर रीडिंगमधला सगळ्यात लहान नि मोठा आकडा वहीत टिपा. पुष्कळ जण इथं इनपुट सरळ ग्राउंडला जोडतात. त्यात फसगत होते. शून्याखालचा नॉइज कन्व्हर्टरला दिसतच नाही, आणि रेफरन्स, म्हणजे कन्व्हर्टर ज्याच्याशी तुलना करून मोजतो तो व्होल्टेज, कितीही हलला तरी शून्य शून्यच राहतं. सेल लावला की खरं काय ते कळतं. दीड व्होल्टला ३०७ आकडा यायला हवा. ५ व्होल्टचा पुरवठा ४.८ वर घसरला, तर तोच सेल ३२० दाखवतो. म्हणजे सेल जागच्या जागी आहे, हलली ती मोजपट्टी. रिले ओढल्यावर आकडा उडी मारत असेल, तर गुन्हेगार पुरवठाच. कन्व्हर्टरला वेगळा स्थिर रेफरन्स द्या. रेफरन्सच्या पिनजवळ आणि चिपच्या पुरवठ्याच्या पिनजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर बसवा, ज्यावर १०४ छापलेलं असतं. जवळ म्हणजे पिनला अगदी खेटून. दोन इंच लांब लावलेला उपयोगाचा नाही.

सेलवर आकडा शांत आणि सेन्सर जोडल्यावर नाचतो, तर दोष अँप्लिफायरपासून सेन्सरपर्यंतच्या वाटेत आहे. सिग्नलची वायर पीळ दिलेली, शिल्ड असलेली घ्या. शिल्ड, म्हणजे वायरीवरचं धातूचं वेष्टन, फक्त पॅनेलकडच्या एका टोकाला अर्थ करा, म्हणजे जमिनीशी जोडा. दोन्ही टोकांना केलं, तर भट्टीच्या बॉडीचा आणि पॅनेलचा अर्थ यांच्यातला करंट त्या शिल्डमधूनच वाहतो. मात्र हा लूप तोडायला म्हणून मशीनचा सुरक्षेचा अर्थ कधीही सोडवू नका, माणसाच्या जिवाशी खेळ आहे तो. लूप तोडायचाच तर टोक बॉडीपासून वेगळं असलेलं थर्मोकपल वापरा. मोटर आणि तिचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या केबलपासून सिग्नल निदान फूटभर दूर न्या, आणि ओलांडावंच लागलं तर काटकोनात. कॉम्पेन्सेटिंग केबल, म्हणजे थर्मोकपलला जुळणाऱ्या धातूंची वायर, संपली म्हणून तांब्याची वायर जोडण्याची सवयही सोडा. थर्मोकपलच्या डोक्यापाशी ८० अंश आणि पॅनेलमध्ये ३५ असले, तर मधला फरक मोजलाच जात नाही आणि आकडा सुमारे ४५ अंश कमी येतो. भट्टीचं दार उघडलं की तो फरकही बदलतो आणि आपण त्याला नॉइज समजून बसतो.

यानंतर येतो फिल्टर, आणि तो कन्व्हर्टरच्या आधीच हवा. अँप्लिफायरच्या आउटपुटला १० किलोओहमचा रेझिस्टर, पुढे इनपुटपासून ग्राउंडला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. याची कटऑफ, म्हणजे ज्याच्या वरचा नॉइज दबू लागतो ती सीमा, साधारण १६ हर्ट्झ. ड्राइव्हचा ४ किलोहर्ट्झचा नॉइज यानं अडीचशे पटींनी कमी होतो. पण लाइनच्या विजेतून शिरणारा ५० हर्ट्झचा हम जेमतेम एक तृतीयांशावर येतो. त्याची सोय वेगळी करावी लागते, कारण हम फार फसवा आहे. समजा तुम्ही सेकंदाला बरोबर १० रीडिंग घेता आणि ग्रिड त्या वेळी ४९.९५ हर्ट्झवर आहे. डिस्प्लेवर ५० हर्ट्झ दिसणारच नाहीत, दिसेल २० सेकंदांची संथ लाट. बघणाऱ्याला वाटतं भट्टीच वर-खाली होतेय, आणि तो बर्नरला हात घालतो. एकदा ही लाट आकड्यांत उतरली की खऱ्या तापमानापासून ती वेगळी काढता येत नाही.

म्हणून रीडिंग मोजून-मापून घ्या. ५० हर्ट्झचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. दर मिलिसेकंदाला एक अशी २० रीडिंग घेऊन सरासरी काढली, की हमचा वरचा भाग आणि खालचा भाग एकमेकांना खाऊन टाकतात. इथं प्रोग्रामला नुसतं थांबवून ठेवणारा डिले वापरू नका, ठरल्या ठोक्याला वाचन सुरू करणारा टायमर वापरा. ऊनोला एका वाचनाला साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो. त्याची एका मिलिसेकंदाच्या डिलेत भर पडली की २० ऐवजी २२ मिलिसेकंद होतात आणि हमचा अकरावा हिस्सा शिल्लक राहतो. वजनकाट्यासाठी एचएक्स ७११ ही कन्व्हर्टर चिप वापरणाऱ्यांनी वेग ठरवणारी रेट पिन ग्राउंडला ठेवावी. सेकंदाला १० रीडिंगच्या त्या वेगात चिप ५० हर्ट्झ स्वतःच दाबते, ८० च्या वेगात नाही.

आता राहिला तो स्वैर नॉइज, त्याला सरासरी चालते. १६ रीडिंगनी तो चौथ्या हिश्श्यावर येतो, शंभरांनी दहाव्या. पण काँटॅक्टर, म्हणजे विजेनं चालणारा मोठा स्विच, पडला की उसळणाऱ्या एकट्या-दुकट्या आकड्याला सरासरी लावू नका, तो सगळ्यांना ओढून नेतो. आधी पाच-पाच रीडिंगमधला मधला आकडा निवडा. त्याहून चांगलं म्हणजे काँटॅक्टरच्या कॉइललाच १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा, एक्स-टू (लाइनच्या विजेवर चालणाऱ्या) वर्गाच्या कपॅसिटरचा स्नबर, म्हणजे उसळी शोषणारी जोडी, लावावा.

उसाच्या वजनकाट्याबद्दलही सांगायला हवं. २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा ३० टनी लोडसेल, म्हणजे वजनाचा सेन्सर, ५ व्होल्टवर पूर्ण भाराला १० मिलिव्होल्ट देतो. १० किलोला मिळतात जेमतेम ३.३ मायक्रोव्होल्ट. इतक्या बारीक सिग्नलला खानापूर बाजूच्या पावसाळ्यातली ओल पुरेशी असते. जंक्शन बॉक्समध्ये ती शिरली की टर्मिनलांमधून करंट गळतो आणि रिकाम्या काट्यावर किलो सरकत राहतात. यावर प्रोग्राममध्ये इलाज नाही. मृगाच्या आधी बॉक्सचं गॅसकेट आणि केबल ग्लँड तपासा, आत सिलिका जेलची ताजी पुडी ठेवा, आणि रिकामं भोक राहिलं असेल तर प्लग लावून बंद करा. व्यापारी काट्याच्या बॉक्सला वजन-मापे खात्याचं सील असेल, तर मात्र तो स्वतः उघडू नका, परवानाधारक दुरुस्तीवाल्यालाच बोलवा. नमस्कार.