लागुनाचा गव्हर्नर हुआन कायेस

मंडळी, आज ज्याच्याबद्दल बोलायचंय तो हुआन कायेस, फिलिपाइन्समधल्या लागुना प्रांताचा गव्हर्नर. जन्म १८७१ चा, वडील फ्रेंच आणि आई हिंदुस्थानातली, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला एकदम जवळचं कोणी भेटल्यासारखं झालं. आधी हा शाळामास्तर होता, स्पेनविरुद्ध क्रांती पेटली तेव्हा बंदूक उचलली आणि स्पॅनिश जाऊन अमेरिकन आले तरी ती खाली ठेवली नाही.

१७ सप्टेंबर १९००, लागुनातलंच माबिताक गाव. पावसाळ्याचे दिवस, गावात शिरायला एक अरुंद बांधाचा रस्ता आणि तोही पाण्याखाली, अमेरिकन शिपाई कमरेएवढ्या चिखलातनं पाय ओढत पुढे येतायत आणि समोर खंदकात कायेसची माणसं. २१ अमेरिकन पडले. त्यातले आठ मृतदेह तिथेच राहिले होते, ते कायेसने त्यांच्या माणसांना नेऊ दिले.

पण ह्याच कायेसने, जे गाववाले अमेरिकनांच्या हाताखाली पद घ्यायचे त्यांना फितूर ठरवून मारलं, हे लपवून चालणार नाही. मार्च १९०१ मध्ये क्रांतीचा म्होरक्या आगिनाल्दो पकडला गेला, जूनमध्ये कायेसने सांता क्रूझला आपल्या माणसांसकट शस्त्रं ठेवली, आणि १९०२ मध्ये तो स्वतः अमेरिकनांच्या राजवटीत गव्हर्नर झाला. मला हे फार टोचतं. ज्यांचे जीव गेले त्यांच्या बायकापोरांनी ही बातमी कशी ऐकली असेल?

तरी नुसतं विकला गेला म्हणून मोकळं होणं मला पटत नाही, कारण ती खुर्ची कशी होती तेही बघायला पाहिजे. गव्हर्नर निवडायचे ते गावोगावचे कौन्सिलर, आणि त्या कौन्सिलरांना मत देणारे म्हणजे इंग्रजी किंवा स्पॅनिश लिहितावाचता येणारे, नाहीतर पाचशे पेसोंची मालमत्ता असलेले, नाहीतर स्पॅनिश काळात गावचं पद सांभाळलेले पुरुष. बाकीची रयत बाहेरच. प्रांताच्या बोर्डावर तिघं, त्यात खजिनदार आणि सुपरवायझर मनिलाहून नेमलेले, बहुतेक अमेरिकनच, म्हणजे पैशाचा प्रश्न आला की दोन विरुद्ध एक. रस्ता करायचा, पूल बांधायचा, तर किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. गव्हर्नर आणि खजिनदार सोडून जो तिसरा सदस्य, तो निवडून यायला लागला तो पुढे, १९०७ च्या सुमाराला.

गव्हर्नरच्या हातात राहिलं ते दौरे. गावोगाव फिरायचं, दप्तर तपासायचं, गावच्या अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकायच्या, कोणी खाल्लं असेल तर त्याला सस्पेंड करायचं. हे काम त्याने १९१० पर्यंत केलं आणि १९१६ ला परत त्याच खुर्चीवर आला. त्या दौऱ्यांच्या गावांत माबिताकही होतं.