पाचाच्या बटणावरचा उंचवटा

श्रोतेहो, नमस्कार.

हाताशी साधा बटणांचा फोन असेल, नाहीतर टीव्हीचा रिमोट असेल, तर डोळे मिटून आकड्यांवरून अंगठा फिरवून बघा. पाचाच्या बटणावर बहुधा एक बारीकसा उंचवटा लागेल. ज्याला दिसत नाही त्यालाही पाच सापडावा, आणि पाच सापडला की बाकीचे आकडे अंदाजाने लागावेत, म्हणून तो ठेवलेला असतो. पेन्शन, दाखले, दवाखान्याची वेळ, अनुदानाचे अर्ज हे सगळं ऑनलाइन करताना असा उंचवटा कुणी ठेवला का, एवढंच मला आज विचारायचं आहे.

खिडकी बंद होते आणि तिथे वेबसाइटचा पत्ता चिकटवला जातो. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, इंटरनेट नाही, तो मग कुणाच्या तरी मागे लागतो. शेजारच्या मुलाला ओटीपी सांगतो, खात्यातली शिल्लक दाखवतो, स्वतःच्या आजाराचं नावही सांगतो. या लाचारीचा मला फार राग येतो. कारण ज्याला आपण अडाणी ठरवतो, तोच माणूस रिमोटकडे न बघता हवं ते चॅनेल लावतो आणि लेकीचा नंबर तोंडपाठ फिरवतो. त्याच्या बोटांना जे येतं, त्या वाटेने सेवा त्याच्याकडे का येत नाही?

ही वाट नवी नाही. १९७४ साली बीबीसीने ‘सीफॅक्स’ सुरू केलं. कर्णबधिरांसाठी पडद्यावर अक्षरं कशी दाखवावीत, याच्या खटपटीत असलेल्या अभियंत्यांच्या लक्षात आलं की टीव्हीच्या संकेतातल्या काही ओळी रिकाम्याच जातात. त्या ओळींतून त्यांनी मजकूर पाठवला. रिमोटवर तीन आकडे दाबायचे आणि आपलं पान फिरत फिरत येईपर्यंत जरा थांबायचं. बातम्या, हवामान, प्रवासाची माहिती, सगळं घरच्या पडद्यावर. कोण काय वाचतंय, हे प्रक्षेपण करणाऱ्याला कळायचं नाही, हे मला त्यातलं फार मोलाचं वाटतं. ही सेवा २०१२पर्यंत चालली.

उणीव होती ती परतीच्या वाटेची. आपल्याकडे १९७५-७६मध्ये उपग्रहामार्फत २,४०० खेड्यांत शेती-आरोग्याचे कार्यक्रम दाखवले गेले, तिथेही पडदा बोलायचा आणि गाव ऐकायचं. (आत्ता मी बोलतोय आणि तुम्ही ऐकताय, तसंच.) अर्ज करायचा, तक्रार सांगायची, तर उलट बोलणारं साधन हवं. ते साधन म्हणजे फोन, आणि त्यासाठी स्मार्टफोनच लागतो असं नाही.

स्टार, काही आकडे आणि हॅश दाबलं की पडद्यावर क्रमांकांची यादी येते. एक दाबा, दोन दाबा. याला इंटरनेट लागत नाही, अगदी साध्या फोनवरही ते चालतं. दक्षिण आफ्रिकेत २०१४मध्ये सुरू झालेल्या ‘मॉमकनेक्ट’मध्ये गरोदर बायकांची नोंदणी याच पद्धतीने झाली. त्यानंतर गर्भारपणाच्या त्या त्या टप्प्याला साजेसे संदेश त्यांना स्वतःच्या भाषेत, फुकट येऊ लागले. दवाखान्यात वागणूक वाईट मिळाली तर तेही त्या कळवू शकत होत्या. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच शेवटचं.

आता आपल्या लिपीची एक अडचण सांगतो. रोमन अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांची गणती वेगळी. ‘निवृत्तिवेतन’ या एका शब्दालाच १२ जागा जातात! मजकूर लांबला की दोन संदेशांचा खर्च, म्हणून इंग्रजीत पाठवायचा मोह होतो, आणि ज्याच्यासाठी संदेश आहे तो पुन्हा वाचून दाखवणारा शोधतो. याला उपाय आहे. ‘पेन्शन जमा झाली’ एवढं पुरतं, आणि ज्याला वाचताच येत नाही त्याला तेच वाक्य फोन करून ऐकवता येतं. नागरिकाने मिस्ड कॉल द्यावा, खात्याने उलट फोन करावा, म्हणजे खर्च खात्याच्या माथी.

टीव्ही आणि फोन यांची जोडी लावावी, असं माझं ठाम मत आहे. लोक रोज जे बघतात त्या कार्यक्रमांच्या मध्ये नंबर मोठ्या अक्षरांत दाखवा, सावकाश वाचा, दोनदा वाचा. पडदा सांगेल, फोन विचारून घेईल. आणि शून्य दाबलं की पलीकडे हाडामांसाचा माणूस बोलला पाहिजे.

सेवा बांधणाऱ्यांना आणखी एक विनंती. त्या स्टार-हॅशच्या यादीला वेळेची मर्यादा असते. चष्मा शोधेपर्यंत, अक्षर अक्षर लावून वाचेपर्यंत पडदा विझतो. चौथ्या प्रश्नावर असं झालं आणि आजीने पुन्हा नंबर लावला, तर तिला चौथाच प्रश्न विचारा. पहिले तीन तिने सांगितलेले आहेत.

नमस्कार.