पंख उघडेपर्यंत थांबा

(दृश्य : वीर जलाशयाचा खंडाळ्याकडचा काठ, सकाळ)

शिरवळहून लोणंदकडे निघालं की डाव्या अंगाला नीरा नदीवरच्या वीर धरणाचा जलाशय आहे. पलीकडे पुणे जिल्हा, अलीकडे साताऱ्याचा खंडाळा तालुका. कालव्याला आवर्तन सुटलं की पाणी मागे सरकतं, काठाचा गाळ उघडा पडतो आणि हिवाळ्यात त्याच्या कडेला पांढरे-करडे पक्षी येऊन उभे राहतात. हे कुरव. गावात सगळे ‘सीगल’च म्हणतात.

पिवळी चोच आणि दुभंगलेली शेपटी दिसली तर तो नदी सुरय. तो बारा महिने इथलाच, त्याला बाजूला ठेवू.

उरतात दोन : तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव.

(दृश्य : बसलेल्या थव्यावरून कॅमेरा सावकाश सरकतो)

आता यातलं एक तरी डोकं तपकिरी किंवा काळं दिसतंय का? नाही दिसणार. तो रंग विणीच्या काळातला, हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी होतात. डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका उरतो, बाळाच्या गालाला लावलेल्या तिटेएवढा. तोही दोघांना असतो. पाय लाल, चोच लाल, पाठ फिकी करडी. मिटलेल्या पंखाचं टोकही दोघांचं काळंच.

तपकिरी डोक्याचा कुरव अंगाने थोडा थोराड, सुमारे ४२ सेंटीमीटर, चोचही जाड. दुसरा त्याहून लहान आणि नाजूक. दोघे शेजारी उभे असले तर हा फरक कळतो. एकटा पक्षी लांबवर बसलेला असेल, तर मापावर पैज लावू नका.

दुर्बीण चांगली असेल तर डोळा बघा. तपकिरी डोक्याच्या प्रौढ पक्ष्याचं बुबुळ फिकं असतं, त्यामुळे नजर जरा रागीट वाटते. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद, चेहरा गरीब.

पण खरा निकाल पंखात आहे.

(दृश्य : थवा उठतो. वेग कमी केलेलं चित्रण)

इथे थांबवू. हा पंख बघा. टोकाकडची लांब पिसं चांगली काळी, त्या काळ्यात पांढरे ठिपके आणि काळ्याच्या आतल्या बाजूला पांढरा पट्टा. हा तपकिरी डोक्याचा कुरव. खालून पाहिला तर पंखाचं टोक गडद दिसतं.

आणि हा दुसरा. पंखाच्या पुढच्या कडेला पांढरीशुभ्र लांब पाचर आहे, काळं फक्त अगदी टोकांना, काठाला ओढलेल्या रेघेसारखं. हा काळ्या डोक्याचा. एकदा ही पाचर नजरेत बसली की उडणारा पक्षी बऱ्याच अंतरावरूनही ओळखता येतो.

यासाठी त्यांना उडवायला जाऊ नका. काही जलाशयांवर नावेतून शेव-गाठी फेकून पक्षी जवळ बोलावतात. फोटो झकास येतात, पण तळलेलं पीठ हे काही कुरवाचं अन्न नव्हे. अर्धा तास बसा. एखादी घार वरून गेली की अख्खा थवा आपोआप उठतो.

बसायला साताऱ्याचा काठ सोयीचा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कललेला असतो. इथून उत्तरेला पाहताना उजेड आपल्या पाठीशी राहतो, पलीकडच्या काठावरून मात्र तो डोळ्यांवर येतो. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर थोडं खाली ठेवा. नाहीतर पांढरा रंग फुटतो आणि जी पाचर बघायची तीच दिसेनाशी होते.

(दृश्य : पंखावर तपकिरी छटा असलेला तरुण पक्षी)

हा सगळ्यात अवघड. पहिल्या हिवाळ्यातला पक्षी. पंखावर तपकिरी पिसं, शेपटीच्या टोकाला काळी पट्टी, चोच आणि पाय फिकट नारिंगी. या वयात तपकिरी डोक्याच्या कुरवाचाही डोळा गडद असतो, म्हणजे डोळ्याची खूण इथे बाद. पंखातले पांढरे ठिपकेही अजून आलेले नसतात. तरी त्याच्या पंखाचं टोक सलग काळं असतं आणि काळ्या डोक्याच्या पिल्लाला पांढऱ्या पाचरेची सुरुवात दिसते. बसलेल्याच पक्ष्याचा फोटो असेल आणि पंख पाहायला मिळाला नसेल, तर आम्ही वहीत नुसतं ‘कुरव’ लिहितो.

या दोघांतला तपकिरी डोक्याचा कुरव मध्य आशियातल्या उंच पठारी सरोवरांवर घरटी करतो; आपल्या लडाखमधलं त्सो मोरीरी त्यातलंच. काळ्या डोक्याच्या कुरवाचं माहेर युरोपपासून आशियाच्या उत्तर भागापर्यंत पसरलेलं.

(दृश्य : उन्हाळ्याची चाहूल, पाणी आणखी आटलेलं)

फेब्रुवारी-मार्चकडे डोकी रंगू लागतात. एकाचा रंग फिका तपकिरी, मागच्या कडेला गडद काठ. दुसऱ्याचा गर्द चॉकलेटी, लांबून काळाच भासणारा. ओळखणं सोपं होतं, तोवर त्यांची परतायची वेळ झालेली असते. पहिल्या वर्षाच्या पक्ष्यांची डोकी तेव्हाही बऱ्याचदा अर्धवटच रंगलेली असतात. त्यांच्यासाठी पुन्हा पंखच बघावा लागतो.