तयारी भिंतीगणिक वेगळी

नमस्कार श्रोतेहो. घटस्थापना जवळ आली की नाशकातले रंगारी फोन उचलेनासे होतात. सिडको असो, पंचवटी असो की गंगापूर रोड, ज्याला त्याला दिवाळीच्या आत घर रंगवून हवं असतं. आणि मग घरोघरी तोच वाद. रंगारी म्हणतो, "साहेब, सगळं खरवडून पूर्ण लांबी भरावी लागेल." लांबी म्हणजे खड्डे बुजवून भिंत सपाट करणारी पुट्टी. घरातले म्हणतात, "मागच्या खेपेलाही भरली होती की! वरून दोन हात मारा नि मोकळे व्हा."

मला विचाराल, तर दोघांचंही सरसकट ऐकू नका. एकाच खोलीतल्या चार भिंतींना चार तऱ्हेची तयारी लागू शकते. जिथे ओल येते, जिथे सारखा हात लागतो आणि जिथे खिडकीचा उजेड आडवा पडतो, तिथे कंजुषी नको. कपाटामागची भिंत मात्र झाडून-पुसून रंगवली तरी कुणी बघायला येत नाही.

रंगाऱ्याला बोलावण्याआधी भिंत स्वतः तपासा. रात्री दिवे घालवून टॉर्च भिंतीला टेकवून आडवी धरा. दिवसा सपाट दिसणाऱ्या भिंतीवरचे खड्डे नि लांबी ओढायच्या पट्टीचे जुने ओरखडे लगेच उठून दिसतात. तेवढ्यांवर पेन्सिलीने खुणा करा, म्हणजे लांबी नेमकी कुठे हवी ते कळतं. मग कोरडा तळवा भिंतीवर घासा. हाताला पांढरी भुकटी लागली तर जुना चुना किंवा डिस्टेंपर सुटायला लागलाय. त्यावर कितीही महागडं इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळायचा प्लॅस्टिक रंग, चढवा, पापुद्रे निघणारच. तिथे खरवडणं आणि प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पायाचा हात, दोन्ही आले. भुकटी येत नाही, चिकटपट्टी दाबून लावून झटक्यात ओढली तरी रंग निघत नाही? मग जुना रंग खुशाल राहू द्या. हलकी घासाई केली, धूळ पुसली की झालं. स्वयंपाकघरात तेवढं आधी साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढा.

आता ओल. आपल्याकडे पावसाचा मारा बहुतेक पश्चिमेकडून. त्या अंगाची भिंत सप्टेंबरअखेर वरून कोरडी दिसते, पण आत पाणी धरून असते. वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर चिकटवा आणि दिवसभर तसाच ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. मग गच्ची, बाथरूमची पाइपलाइन किंवा बाहेरच्या प्लास्टरची भेग शोधायची. ते न करता आतून वॉटरप्रूफ रंग फासणं म्हणजे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः. लोणा, म्हणजे भिंतीवर येणारा क्षारांचा पांढरा थर, फुटला असेल तर तो कोरड्या ब्रशनेच झाडावा. पाण्याने धुतलं की क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात.

जुन्या नाशकात, गोदाकाठच्या वाड्यांमध्ये राहणाऱ्यांना एक वेगळं सांगायचंय. तुमच्या भिंतींचं प्लास्टर बऱ्याचदा चुन्याचं असतं. ते मऊ असतं आणि आतली ओल हळूहळू बाहेर सोडतं. त्यावर सिमेंटची कडक पुट्टी थापली की ओल कोंडते, आणि काही पावसाळ्यांत पुट्टी प्लास्टरसकट सुटते. गुळगुळीत भिंतीचा हट्ट तिथे सोडावा. दुरुस्तीही चुन्यातच करावी आणि वरून चुन्याचाच हात द्यावा.

व्हाइट सिमेंटची पुट्टी लावण्याआधी भिंतीवर पाणी शिंपडावं लागतं, हे पाकिटावरच छापलेलं असतं. घाईत रंगारी तेच टाळतात. कोरडी भिंत पुट्टीतलं पाणी शोषून घेते आणि पुट्टी कच्ची राहते. दोन पातळ हात द्यावेत. खड्डा खोल असेल तर तो आधी प्लास्टरने बुजवावा, पुट्टीचे थर चढवू नयेत.

दारं-खिडक्यांच्या जुन्या ऑइल पेंटची घासाई जपून करा. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 10 लाखांत 90 भागांपेक्षा जास्त नको, हा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं किती असेल, सांगता येत नाही. म्हणून कोरडं घासू नका. पाणी लावून वॉटर पेपरनेच घासा, पोरांना आणि घरात कुणी गरोदर असेल तर त्यांनाही तेवढे दिवस दुसरीकडे पाठवा, आणि फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्या.

दसरा ते दिवाळी हाताशी जेमतेम तीन आठवडे असतात. गळतीची कामं तेवढ्यात होत नाहीत, ती उन्हाळ्यातच उरकावीत. आणि यंदा ओली भिंत वाळलीच नाही, तर ती एक भिंत सोडून बाकीचं घर रंगवा. पाहुण्यांसाठी तिच्यापुढे पडदा लावा, आणि त्या भिंतीचा हिशेब रंगाऱ्याशी आत्ताच वेगळा ठेवा. नमस्कार.