तीन मिलिसेकंदांची झडप

गाडी सिग्नलला उभी आहे आणि तिचे इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत आहे. फोर-स्ट्रोक इंजिनाचे एक चक्र दोन फेऱ्यांत पुरे होते. म्हणजे प्रत्येक सिलिंडरला 150 मिलिसेकंदांतून एकदा पेट्रोल लागते, आणि त्यासाठी इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी विजेवरची झडप, उघडा राहतो तो जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले आणि आपल्याकडच्या बहुतेक नव्या दुचाकींवरही कार्बोरेटरच्या जागी हीच रचना आली.

इंजिनाचा संगणक, म्हणजे गॅरेजमधल्या भाषेत ईसीएम, इंजेक्टरला वीज पाठवतो असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात बॅटरीचे 12 व्होल्ट रिलेमार्फत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमार्फत, इंजेक्टरच्या एका टोकाला आधीच पोहोचलेले असतात. ईसीएम फक्त दुसरे टोक आपल्या आतल्या ट्रान्झिस्टरमधून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचमधून, अर्थला, म्हणजे बॅटरीच्या ऋण बाजूशी जोडलेल्या गाडीच्या बॉडीला, जोडतो आणि ठरल्या क्षणी सोडतो. जोडताच इंजेक्टरमधल्या सुमारे 12 ओहमच्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, एक अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहू लागतो आणि आतली सुई उचलली जाते. या उचलण्यातच साधारण एक मिलिसेकंद जातो. स्टार्टर फिरताना बॅटरी 10 व्होल्टपर्यंत उतरली, तर सुई आणखी सावकाश उठते, म्हणून ईसीएम व्होल्टेज मोजून तेवढा वेळ वाढवून देतो.

दोष ओळखण्याची रीत या रचनेतूनच निघते, आणि मला ती फार देखणी वाटते. इंजेक्टर बंद असताना ईसीएमच्या पिनवर कॉइलमधून आलेले बॅटरीचे व्होल्टेज दिसायला हवे. ते शून्य दिसले, तर वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे. ते मधल्याच पातळीवर रेंगाळले, तर सर्किट तुटलेले आहे. कारण तपासणीसाठी मुद्दाम सोडलेला अगदी थोडा प्रवाह त्या लोंबकळत्या पिनला तिथे आणून ठेवतो. उलट, ट्रान्झिस्टर चालू होताच प्रवाह मर्यादेबाहेर उसळला, तर वायर थेट बॅटरीच्या धन बाजूला भिडली आहे, आणि ट्रान्झिस्टर जळण्याआधी त्याला बंद केले जाते.

मग दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी0203 हा कोड उमटतो. त्याचा अर्थ तिसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरचे सर्किट बिघडले आहे, एवढाच. इंजेक्टरच खराब आहे, असे तो कोड सांगत नाही. उंदराने कुरतडलेली वायर किंवा कपलरमधली, म्हणजे वायर जोडणाऱ्या सॉकेटमधली, गंजलेली पिन हाच कोड देते. म्हणून नवा इंजेक्टर मागवण्याआधी कपलर काढून मल्टीमीटरने कॉइलचा रोध आणि वायरिंगमधले व्होल्टेज मोजावे, असा आमचा आग्रह आहे, कारण चुकीच्या निदानाचा भुर्दंड गाडीमालकाला बसतो.

तोंडाशी कचरा साचलेला इंजेक्टर मात्र या साऱ्या तपासणीत निर्दोष ठरतो. त्याची कॉइल शाबूत असते, प्रवाह बरोबर असतो, पण पेट्रोल कमी पडते. तो पकडला जातो क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या, दातेरी चक्रावर: तिसऱ्या सिलिंडरच्या पाळीला चक्राचा वेग किंचित मंदावतो, सेन्सर ते टिपतो, आणि हे पुन्हा पुन्हा घडले की तिसऱ्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकल्याचा, म्हणजे मिसफायरचा, पी0303 हा कोड नोंदवला जातो.