जिऱ्यांचा पहिला घास

राम राम शेतकरी बंधू-भगिनींनो.

पांढऱ्या बशीत पाणी घ्या, त्यात माशाची तीन दिवसांची पिल्लं सोडा आणि बशी उजेडात धरा. आधी नुसते काळे ठिपके दिसतात, जोडीजोडीने. ते त्यांचे डोळे. बाकीचं अंग काचेसारखं आरपार, जेमतेम सहा-आठ मिलिमीटर. म्हणूनच आपण यांना मत्स्यजिरे म्हणतो.

रोहू, कटला, मृगळ यांचं पिल्लू अंड्यातून निघतं ते पोटाशी बलकाची पिशवी घेऊन. तीन दिवस त्याच शिदोरीवर जगतं. शिदोरी सरते, तोंड उघडतं, आणि त्याच वेळी समोर तोंडात मावेल असं काही हवं. मावेल असं म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, ज्यांना प्लवंग म्हणतात. ही वेळ हुकली, तर मागून पोतंभर पेंड ओतून काही उपयोग नाही.

मला हे पहिल्या वर्षी कळलं नाही. गिरणाकाठच्या शेतात एक गुंठ्याचं तळं साफ केलं, बोअरचं निवळशंख पाणी भरलं. तळ दिसत होता, मन भरून आलं. त्यात पन्नास हजार जिरे सोडले. पंधराव्या दिवशी जाळं ओढलं, तर ओंजळभरही हाती आले नाहीत. ते पाणी स्वच्छ नव्हतं, उपाशी होतं.

तेव्हा आधी पाणी पिकवा. गुंठ्याला दोन-अडीच किलो चुना. तळ्यात मरळ, शिंगाडा असे मांसखाऊ मासे उरले असतील, तर मोहाची पेंड टाका, पाणी मीटरभर असेल तर गुंठ्याला पंचवीस किलो. तिचं विष उतरायला पंधरा-वीस दिवस लागतात, मग तिचंच खत होतं. म्हणून तिच्यासोबत शेण पन्नास किलो पुरे, पेंड नसेल तर शंभर. पाण्याला हिरवट-तपकिरी रंग आला, की टोकाला नळी बांधलेल्या बारीक जाळीच्या कापडातून पन्नास लिटर पाणी गाळा. नळीच्या तळाशी प्लवंगांचा एक-दोन मिलिलिटर गाळ बसला, तर ताट वाढून तयार आहे.

पाणी पिकलं की किडेही येतात. पाठीवर उताणे पोहणारे किडे जिऱ्यांना धरून शोषतात. जिरे सोडण्याच्या आदल्या दिवशी गुंठ्याला १८० ग्रॅम साबण आणि ५६० ग्रॅम स्वस्त तेल खलून पाण्यावर पसरा. किडे श्वासाला वर येतात आणि तेलाच्या थराखाली गुदमरतात. वाऱ्याच्या दिवशी हे करू नका, थर एका काठाला गोळा होतो.

जिऱ्यांची ऑक्सिजन भरलेली पिशवी आली की लगेच फोडू नका. सकाळी किंवा संध्याकाळी ती पंधरा-वीस मिनिटं तळ्यावर तरंगू द्या, मग तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या आणि जिऱ्यांना आपणहून बाहेर पडू द्या.

दुसऱ्या दिवसापासून वरचा चारा. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा समसमान, वस्त्रगाळ करून. पहिले पाच दिवस रोज, सोडलेल्या जिऱ्यांच्या वजनाच्या चौपट, पुढे आठपट. पाणी फार दाट हिरवं झालं किंवा आभाळ भरून राहिलं, तर चारा थांबवा. पहाटे पिल्लं वर येऊन तोंड उघडझाप करू लागली, तर आधी ताजं पाणी सोडा.

१९५७ साली १० जुलैला मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. हिरालाल चौधुरींना इंजेक्शन देऊन कार्प, म्हणजे रोहू-कटल्याच्या कुळातले मासे अंड्यावर आणण्यात यश आलं. त्याआधी बीज नदीतून धरावं लागे. आज ते पिशवीतून बांधावर येतं. तरी मातीच्या तळ्यात शंभरातली तीस ते पन्नास पिल्लं जगली, तर ते चांगलं मानतात.

यंदा मी जिरे मागवायच्या आधी तीन आठवडे शेण टाकलंय. काल सांजच्याला कापडातून पाणी गाळलं, नळीत दीड मिलिलिटर बसलंय. पिशव्या परवा येतील.

राम राम.