येळवशीची भज्जी आणि बेथेलचं वासरू

लातूर-धाराशिवकडं डिसेंबर-जानेवारीत येळवस, म्हणजे वेळ अमावस्या येते, आणि त्या दिवशी अख्खं लातूर शहर ओस पडतं, सगळे शेतात. कडब्याची कोप, आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव, बाहेर चुलीवरची भज्जी म्हणजे भाज्या-शेंगांची मिसळ, बाजरीचे उंडे, आंबिलाचं बिंदगं म्हणजे मडकं. बांधावरनं जाणाऱ्याला कुणी उपाशी सोडत नाही. मग शेजारच्या ख्रिस्ती घराला हाक येणारच ना, "ओ मामा, लेकरं घिऊन या, भज्जी संपायच्या आत!"

आता खरी पंचाईत इथं आहे. काही घरं जातच नाहीत. काही जण पूजा उरकल्यावर जातात, कोपीपुढं हात जोडत नाहीत पण पंगतीला बसून दोन वाट्या आंबील हाणतात, आणि गावाला त्याचं काही नवल नसतं, सगळ्यांना माहितीय ह्यांचं चर्च आहे. ही भानगड आजची नाही बरं का. बायबलातल्या प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पहिल्या पत्राच्या 10व्या अध्यायात हेच लिहिलंय. मूर्तिपूजेपासून पळा म्हणतो, आणि थोडं पुढं गेलं की म्हणतो, कुणी जेवायला बोलावलं नि जावंसं वाटलं तर जा, वाढलंय ते खा, खोदून विचारत बसू नका, पण कुणी सांगितलं की हे देवाला वाहिलेलंय तर त्या सांगणाऱ्यासाठी म्हणून खाऊ नका. त्यामुळं नैवेद्याचं ताट वेगळं आणि पंगतीची भज्जी वेगळी असं म्हणून काही जण खातात, काहींना तेही पटत नाही, आणि यावरनं भावाभावात चांगली जुंपते.

मला विचाराल तर दुसऱ्याच्या शेतातली मूर्ती कुणालाही दिसते, त्याला काही लई अक्कल लागत नाही. आपल्या घरातली दिसणं अवघड.

जालन्याजवळ बेथेल म्हणून वस्ती आहे. 1843 साली बाप्तिस्मा घेतलेले, मूळचे ब्राह्मण घरातले रेव्हरंड नारायण शेषाद्री, त्यांनी वसवलेली. नाव बायबलातलं, याकोबानं दगड उभा करून देवाला नवस केला ते ठिकाण. पण बायबलातल्या त्याच बेथेलात पुढं इस्राएलच्या यराबाम राजानं सोन्याचं वासरू बसवलं. कारण काय सांगितलं, तर यरुशलेमचं मंदिर लांब पडतं, कशाला उगाच त्रास. पोटातली भीती वेगळीच, लोक तिकडं गेले तर राज्य हातचं जाईल. आणि लोकांना म्हणाला, मिसरातून, म्हणजे इजिप्तातून तुम्हाला काढलं तो देव हाच. म्हणजे नाव जुन्याच देवाचं, फक्त सोय नवी.

आपल्या ख्रिस्ती घरातली सोय म्हणजे प्रार्थना केलेल्या तेलाची बाटली. नव्या करारातल्या याकोबाच्या (हा याकोब वेगळा) पत्रात तेल आहे, नाही असं नाही, आजाऱ्याला मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी प्रार्थना करून लावायचं. पण खिडकीतली ती प्लास्टिकची बाटली, वरनं चिकट झालेली, तिचं एक बोट उंबऱ्याला, एक थेंब बोअर मारायच्या जागेवर, आणि लातुरात क्लास लावलेल्या पोराच्या नीट परीक्षेच्या हॉल तिकिटाला पण! प्रार्थना राहिली तरी चालते, बाटली विसरली की जीव खालीवर. इस्राएली लोकांचा पुढारी मोशे, त्यानं पितळी साप केला तो देवाच्याच सांगण्यावरनं, त्याच्याकडं बघून साप चावलेली माणसं वाचली, आणि पुढं लोक त्यालाच धूप जाळायला लागले म्हणून हिज्कीया राजानं त्याचे तुकडे केले. मोशेच्या हातची वस्तू होती हो ती! आमच्याकडं एखाद्या मोठ्या प्रचारकानं दिलेली बाटली फोडून दाखवा बरं कुणी.

नवीन ट्रॅक्टर आला की हे सगळं एकदम बाहेर येतं. शोरूमवाला सवयीनं नारळ नि लिंबू-मिरची पुढं करतो, घरचे नको म्हणतात, छाती फुगवून. मग दारात पास्टर येतात, आभाराची प्रार्थना होते, चहा होतो, आणि तेवढ्यात कुणीतरी मावशी हळूच म्हणतेच, "पास्टर, टायरला जरा तेल लावा की." पास्टर खमके असले तर म्हणतात, "टायरला हवा लागती मावशी, तेल नाही. इन्शुरन्स काढलाय का तेवढं सांगा."